जर्नलमधला पाचवा प्रयोग

आमच्या पॉलिटेक्निकच्या मायक्रोप्रोसेसर लॅबमध्ये ८०८५ या प्रोसेसरची सहा सरावाची किट होती, त्यांतली चार चालायची. बॅच वीस जणांची, म्हणजे एका किटभोवती पाच जण. कीपॅडसमोर कोण बसणार हे पहिल्या दिवशीच ठरून गेलं होतं. माझं अक्षर चांगलं, म्हणून रीडिंग लिहून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. हे १९९१-९२ सालचं. दोन सेमिस्टर मी त्या किटच्या बाजूला उभी राहून लाल आकडे वहीत उतरवले. सर म्हणायचे, 'हिचं जर्नल बघा.' मला त्याचा आनंदही व्हायचा. पण त्या कळा स्वतःच्या बोटांनी दाबल्याचं मला आठवतंय ते एकदाच, तेही बाकीचे चहाला गेले होते तेव्हा.

पुढे नोकरी लागली ती इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये. कॅलिब्रेशन, पॅनेल, केबलची लेबलं. मायक्रोप्रोसेसर रोज हाताशी होता, पण कायम डब्यात बंद. आतलं कार्ड बिघडलं की काढायचं, नवं बसवायचं, जुनं परत पाठवायचं.

२०२४ च्या एप्रिलमध्ये बातमी वाचली की झायलॉग कंपनी झेड-८० चं ४० पायांचं मूळ रूप बंद करते आहे, शेवटच्या ऑर्डरी १४ जूनपर्यंत. १९७६ साली आलेला प्रोसेसर आणि ४८ वर्षं तो बाजारात मिळत होता. आमच्या अभ्यासक्रमात झेड-८० तुलनेपुरता होता, 'फरक स्पष्ट करा' या चार मार्कांच्या प्रश्नापुरता. पण ती बातमी वाचून मला कसंतरीच झालं. वाटलं, आत्ता नाही तर मग कधीच नाही.

शोधाशोध करून आरसी२०१४ मिनी हे किट मागवलं. इंग्लंडमधल्या स्पेन्सर ओवेन यांनी २०१४ सालच्या रेट्रोचॅलेंज या उपक्रमासाठी झेड-८० चा एक साधा कॉम्प्युटर बांधला, त्यावरून हे नाव पडलं. त्याचा मूळ आराखडा ग्रँट सर्ल यांचा, अगदी मोजक्या आयसींमध्ये, म्हणजे चिपांमध्ये, अख्खा कॉम्प्युटर बसवणारा. आरसी२०१४ चं मोठं रूप वेगवेगळ्या कार्डांचं आहे. मिनीमध्ये सगळं एकाच बोर्डवर असतं. मला एकच बोर्ड हवा होता, सगळं एका नजरेत दिसेल असा.

पाकीट आलं ते गणपतीच्या गडबडीत, उघडलं दिवाळीनंतर. आत एक मोकळा पीसीबी, काळ्या फोममध्ये खोचलेल्या आयसी, त्यांचे सॉकेट, क्रिस्टल, मूठभर रेझिस्टर आणि कपॅसिटर. सगळ्यात लांब तो झेड-८०. मी तो बराच वेळ नुसता हातात धरून बसले.

घरातलं सोल्डरिंग आयर्न मुलाने शाळेच्या प्रोजेक्टला वापरून टोक काळंठिक्कर केलेलं होतं. म्हणून बुधवार पेठेत गेले. पासोड्या विठोबाच्या आसपासची ती दुकानं अजून तशीच आहेत. अर्ध्या फुटाच्या काउंटरमागे माणूस आणि त्याच्यामागे छतापर्यंत प्लास्टिकचे खण. २५ वॉटचं आयर्न, बारीक सोल्डर वायर, फ्लक्स, डिसोल्डर पंप आणि पाय कापायला छोटा कटर घेतला. दुकानदाराने विचारलं, "कॉलेजचं प्रोजेक्ट का, मुलाचं?" "माझंच आहे," म्हणताना फार बरं वाटलं.

बांधायचा क्रम साधा असतो, बुटक्यापासून उंचाकडे. आधी रेझिस्टर, मग छोटे कपॅसिटर, मग सॉकेट, मग उंच वस्तू. उलटं केलं तर बोर्ड पालथा घातल्यावर बुटकी वस्तू खाली लोंबते आणि वाकडी सोल्डर होते. रेझिस्टरच्या रंगपट्ट्या अजून पाठ आहेत, पण डोळ्यांना तपकिरी आणि लाल आता वेगळे दिसत नाहीत. सासूबाईंचं पेपर वाचायचं दिव्याचं भिंग मागून घेतलं. त्या ८४ वर्षांच्या. भिंग दिलं, पण स्वतःही खुर्ची ओढून शेजारी येऊन बसल्या.

सोल्डरिंगबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण माझी सगळी संध्याकाळ त्यातच गेली आणि ती फार सुखाची होती. आयर्नचं टोक ओल्या स्पंजवर पुसायचं. मग पाय आणि पॅड दोघांनाही एकदम टेकेल असं धरायचं. मनातल्या मनात एक-दोन म्हणायचं. मग दुसऱ्या बाजूने वायर लावायची, टोकाला नाही, पायाला. पाय पुरेसा तापला असेल तर वायर पाण्यासारखी होते, पॅडभर पसरते, पायावर चढते आणि तिथे चकचकीत छोटा उतार तयार होतो. आधी वायर काढायची, मग आयर्न, आणि गार होईपर्यंत हलवायचं नाही. हललं की ते पांढुरकं, दाणेदार दिसतं. टीव्ही दुरुस्तीवाले ज्याला ड्राय सोल्डर म्हणतात ते हेच. वरून जोडलेलं दिसतं, आतून सुटलेलं असतं.

पहिले वीसेक जोड गोळ्यागोळ्यांचे झाले. चाळिसाच्या पुढे हात बसला. ४० पायांचं सॉकेट लावताना आधी कोपऱ्यातले दोनच पाय सोल्डर करायचे, मग बोर्ड उलटून सॉकेट नीट टेकलंय का बघायचं, तिरकं असेल तर एक कोपरा तापवून दाबायचं, आणि मगच बाकीचे ३८. या पायरीला घाई केली की पुढे काही इलाज नाही.

"हे सगळे ठिपके कुठे जातात?" आईंनी भिंगातून बोर्ड बघत विचारलं.

मी बोट ठेवून दाखवायला लागले आणि दाखवता दाखवता मलाच ते नव्याने दिसायला लागलं. झेड-८० ला पत्त्याच्या १६ तारा असतात, ए० ते ए१५. सोळा तारांवर शून्य-एकच्या ६५,५३६ जोड्या होतात, म्हणजे तेवढी घरं. या बोर्डवर रॅम, म्हणजे लिहायची-वाचायची मेमरी, आहे ३२ के, म्हणजे ३२,७६८, बरोबर निम्मी घरं. मग प्रोसेसरने पत्ता पुकारला की तो रॅमचा की रॉमचा, म्हणजे फक्त वाचायच्या मेमरीचा, हे कोण ठरवतं? ए१५. ही सगळ्यात वरची तार एक असली की पत्ता वरच्या निम्म्यात पडतो, तिथे रॅम उठते. ए१५, ए१४, ए१३ तिन्ही शून्य असल्या की पत्ता सर्वांत खालच्या आठ के मध्ये पडतो, तिथे रॉम उठतो. बाकी कुणी तोंड उघडायचं नाही. एवढंच. ॲड्रेस डिकोडिंग. मी हे परीक्षेत आठ मार्कांना लिहिलंय, आकृतीसकट. पण त्या दिवशी झेड-८० च्या पाचव्या पायापासून निघालेली ती तांब्याची पट्टी नखाने पकडून लॉजिक आयसीपर्यंत गेले, तेव्हा ती आकृती पहिल्यांदा माझी झाली.

क्रिस्टलचंही तसंच. त्याच्यावर ७.३७२८ मेगाहर्ट्झ असा चमत्कारिक आकडा आहे. सरळ सात किंवा आठ का नाही? तर ७३,७२,८०० ला ६४ ने भागलं की येतात १,१५,२००, नेमके. सीरियल पोर्टचा वेग तोच. सीरियलचं काम करणारी ६८बी५० ही आयसी घड्याळाला ६४ ने भागू शकते, म्हणून एकाच क्रिस्टलवर प्रोसेसरही चालतो आणि बोलण्याचा वेगही मिळतो. वेगळं घड्याळ लागत नाही. हा हिशेब कागदावर करून बघितला आणि बाकी शून्य आली तेव्हा मी खरोखर टाळी वाजवली.

आयसी बसवायच्या आधी नुसत्या बोर्डला पाच व्होल्ट दिले. यूएसबी-सीरियल केबलमधूनच पुरवठा घेता येतो, वेगळा अडॅप्टर लागत नाही. झेड-८० च्या रिकाम्या सॉकेटमध्ये पाय ११ ला पाच व्होल्ट आणि २९ ला ग्राउंड यायला हवं. मीटरवर ४.९८ आले. पुरवठा काढला आणि खाचेची बाजू दोनदा तपासून एकेक आयसी बसवली. आयसी नवीन असते तेव्हा तिचे पाय थोडे बाहेर फाकलेले असतात. टेबलावर आडवी धरून दोन्ही रांगा हलक्या हाताने आत दाबाव्या लागतात, मगच त्या सॉकेटमध्ये उतरतात. रात्रीचे साडेदहा झाले होते. शेवटच्या दोन आयसी बसवताना मी दमले होते आणि घाई केली. हे मी स्पष्ट लिहून ठेवते, कारण पुढचे चार दिवस त्या घाईचे आहेत.

लॅपटॉपवर टर्मिनल उघडलं. १,१५,२०० चा वेग, ८ बिट, पॅरिटी नाही. रीसेट दाबलं.

काही नाही. काळा पडदा आणि लुकलुकणारा कर्सर. पुन्हा दाबलं. तसंच.

त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी उठून प्रत्येक जोड भिंगातून बघितला. संशय आला ते सहा-सात पुन्हा तापवले. शॉर्ट कुठे नव्हता. टर्मिनलची सेटिंग तपासली, केबलचे टीएक्स-आरएक्स उलटे करून बघितले. काळाच पडदा.

तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांकडे गेले. सत्तरी ओलांडलेले, दुकान आता अर्धा दिवसच उघडतात. त्यांनी बोर्ड उलटसुलट करून बघितला, सोल्डरिंगला मान डोलावली, आणि म्हणाले, "वहिनी, आधी सप्लाय, मग क्लॉक, मग रीसेट. हे तीन बघितल्याशिवाय आयसीला दोष द्यायचा नाही." ड्रॉवरमधून लॉजिक प्रोब काढून दिला. पेनासारखी वस्तू, टोक पायाला टेकवलं की एकला लाल दिवा, शून्याला हिरवा, आणि सिग्नल हलत असेल तर पिवळा लुकलुकतो. "चार दिवस ठेवा. मला काय, आता एलईडी टीव्हीत पट्ट्याच बदलायच्या असतात."

घरी आले आणि त्यांच्या क्रमाने सुरुवात केली. सप्लाय ठीक. पाय ६, क्लॉक, पिवळा दिवा चालू. पाय २६, रीसेट, बटण दाबलं की हिरवा, सोडलं की लाल. ठीक. मग २७, एम१. प्रोसेसर नवी सूचना उचलायला जातो तेव्हा हा पाय खाली जातो. पिवळा दिवा. म्हणजे तो जिवंत आहे, काहीतरी उचलतो आहे, धावतो आहे. मग ६८बी५० चा सहावा पाय, जिथून अक्षरं बाहेर पडतात. रीसेट दाबून सोडलं. पिवळा दिवा एकदा लुकलुकला आणि थांबला.

मी पुन्हा दाबलं. पुन्हा एकदाच.

तिथे मी प्रोब खाली ठेवला आणि वही घेतली. ही एक लुकलुक फार मोठी होती. ६८बी५० ला आधी सूचना दिल्याशिवाय ती काही पाठवत नाही. म्हणजे प्रोसेसरने रॉममधून त्या सूचना नीट वाचल्या. रॉम चांगला, सीरियल चांगलं, ए१३ ते ए१५ चा निवाडा चांगला. मग पहिल्याच खेपेनंतर गप्प का? पहिलं अक्षर पाठवल्यावर काय होतं? अक्षर पाठवणं हे सबरूटीन, म्हणजे मधेच बोलावलेला छोटा प्रोग्रॅम. तिकडे जाताना प्रोसेसर परतीचा पत्ता लिहून ठेवतो, काम झालं की तो पत्ता वाचून परत येतो. लिहून कुठे ठेवतो? स्टॅकमध्ये. स्टॅक कुठे असतो? रॅममध्ये.

रॅम. तो जातो, काम करतो, आणि परत येताना चुकतो.

मीटर बीपवर लावला. डेटाच्या आठ तारा झेड-८० पासून रॅमपर्यंत एकेक तपासायच्या. बोर्ड पालथा घातला. झेड-८० चा १४ आणि रॅमचा ११, ही डी०. बीप. १५ आणि १२, डी१. बीप. १२ आणि १३, डी२. बीप. आठही वाजल्या. पत्त्याच्या पंधरा, त्याही वाजल्या. मी अगदी हताश झाले. आई जपमाळ घेऊन समोर बसल्या होत्या. त्यांना मी सांगितलं, "सगळ्या तारा बरोबर आहेत हो, तरी बोलत नाही."

"तारा बरोबर आहेत. पण तो किडा तारांवर बसलाय का नीट?" आई आयसीला किडाच म्हणतात, पायांमुळे.

मी बोर्ड सुलटा केला. खालून मी सॉकेटचे पाय तपासले होते. सॉकेट आणि पट्ट्या यांच्याबद्दल मला सगळं कळलं होतं, आयसीबद्दल काहीच नाही. आता मीटरच्या तारेचं टोक वरून रॅमच्या प्रत्येक पायाच्या खांद्यावर टेकवलं, जिथे तो काळ्या प्लास्टिकमधून बाहेर येतो. ११, बीप. १२, बीप. १३.

आवाज नाही.

पुन्हा टेकवलं, जोरात दाबून. नाही. १५, बीप. १६, बीप. परत १३. नाही.

पुरवठा काढला. स्क्रूड्रायव्हरचं चपटं टोक आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने घालून रॅम हळूहळू उचलली आणि उलटी केली. तेरावा पाय पोटाखाली दुमडलेला होता, कुत्रं थंडीत पाय घेऊन झोपतं तसा. वरून खांदा दिसत होता, म्हणून तो सॉकेटमध्ये गेलाय असंच वाटत होतं. डी२ म्हणजे खालून तिसरा बिट, त्याची किंमत चार. प्रोसेसर जो पत्ता लिहून ठेवत होता तो वाचताना त्यातला चाराचा बिट अधांतरी होता. घर चार दारं पुढे किंवा चार दारं मागे लागत होतं, आणि तिथून पुढे वाट हरवत होती. चार दिवसांचा सगळा अंधार त्या एका पायाखाली होता आणि तो आता माझ्या तळहातावर होता.

बारीक चिमट्याने पाय सरळ केला. धातू एकदा वाकून सरळ झाला की दुसऱ्या-तिसऱ्यांदा तुटतो, म्हणून श्वास रोखून एकाच हालचालीत. सगळे २८ पाय सॉकेटच्या भोकांवर नीट आलेत हे भिंगातून चारही बाजूंनी बघितलं. मग अंगठ्यांनी दाबलं. पुरवठा, रीसेट.

पडद्यावर ग्रँट सर्ल यांच्या नावाची ओळ उमटली. खाली प्रश्न, कोल्ड स्टार्ट की वॉर्म? मी सी दाबलं. मेमरी टॉप? एंटर. मग बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेची आवृत्ती ४.७, कॉपीराइट १९७८ मायक्रोसॉफ्ट, आणि ३२,३८२ बाइट मोकळ्या. खाली ओके.

मी रडले. आईंनी जप थांबवून विचारलं, "बोलला का?" "बोलला," म्हटलं.

काकांना प्रोब परत करायला गेले तेव्हा दुमडलेल्या पायाचं सांगितलं. ते म्हणाले, "मी टीव्हीच्या आयसीचे असे किती काढलेत," आणि मग बराच वेळ कलर टीव्हीच्या जुन्या बोर्डांबद्दल बोलत बसले. तेवढं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

त्यानंतरचे काही दिवस मी बेसिकमध्ये पाढे छापले, मूळ संख्या काढल्या. पण मनात वेगळंच होतं. माहेरी फोन करून भावाला माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उघडायला लावली. जर्नल होतं. तपकिरी कागदाचं कव्हर, आतल्या पानांच्या कडा पिवळ्या, प्रत्येक प्रयोगाखाली लाल शाईची सही. त्याने कुरिअरने पाठवलं.

प्रयोग पाचवा: दिलेल्या संख्यांची बेरीज करणे. पत्ता सी००० पासून. डाव्या रकान्यात पत्ता, मग हेक्स कोड (हेक्स म्हणजे सोळाच्या पायावरचे आकडे), मग नेमॉनिक, म्हणजे सूचनेचं छोटं नाव, मग शेरा. माझंच अक्षर. २१, ५०, सी०. ४ई. एएफ. २३. ८६. ०डी. सी२, ०५, सी०. ३२, ७०, सी०. ७६. एकूण १५ बाइट.

आता यातली मौज अशी की हे ८०८५ चे कोड आहेत आणि माझ्यासमोर होता झेड-८०. फेडेरिको फॅगिन यांनी इंटेलमध्ये ८०८० या आधीच्या प्रोसेसरवर काम केलं, १९७४ च्या सुमारास बाहेर पडून राल्फ उंगरमन यांच्याबरोबर झायलॉग काढली, आणि ८०८० घडवणारे मासातोशी शिमाही तिकडे आले. झेड-८० त्यांनी असा घडवला की ८०८० चे प्रोग्रॅम त्यावर चालावेत. तिकडे इंटेलनेही ८०८५ तसाच ठेवला. म्हणजे हे दोघे एकाच आजोबांचे, वेगळ्या घरात वाढलेले. ८०८५ चे रिम आणि सिम हे दोन कोड झेड-८० ला वेगळ्या अर्थाने कळतात, तिथे गडबड होईल. पण माझ्या पाचव्या प्रयोगात ते नव्हते. नेमॉनिक निराळे, एमव्हीआयचं झेड-८० मध्ये एलडी होतं, पण मशीनला आकडेच कळतात आणि आकडे तेच. शिवाय आमच्या लॅबच्या किटवर सी००० ला रॅम होती, इथेही तो पत्ता रॅममध्येच पडतो. ए१५ एक आहे ना.

एकच बदल करायला हवा होता. जर्नलमध्ये शेवटी ७६ आहे, हॉल्ट. इथे हॉल्ट केलं तर बेसिककडे परत येता येणार नाही. म्हणून ७६ च्या जागी सी९, रिटर्न. रीसेट करून मेमरी टॉपला या वेळी ४९,१५१ दिलं, म्हणजे सी००० (दशमानात ४९,१५२) पासून वरचं बेसिक वापरणार नाही. मग एकेक बाइट पोक केली, म्हणजे तिच्या पत्त्यावर लिहिली. सी०५० ला किती संख्या आहेत ते, पाच. त्यापुढे जर्नलमधलेच आकडे: १२, ०ए, ०५, २१, ०३, सगळे हेक्समध्ये. बेसिकमधून मशीन कोड चालवणाऱ्या यूएसआर फंक्शनला पत्ता दिला.

कळा माझ्याच बोटांखाली होत्या. एंटर दाबलं. मग सी०७० ला काय आहे ते पीक करून विचारलं.

६९.

जर्नलमध्ये निकालाच्या रकान्यात ४५ एच लिहिलंय. चार सोळे चौसष्ट आणि पाच, ६९.

मी त्या लाल सहीखाली पेन्सिलने तारीख घातली.

आई म्हणाल्या, "माझं काहीतरी करून दाखव. या आठवड्याचा भाजीचा हिशेब कर." त्यांनी पाच आकडे सांगितले: ६२, ८०, ४५, ७०, ५५. मी ते पोक केले, चालवलं, पीक केलं. ५६.

"तीनशे बारा," आई तत्काळ म्हणाल्या. त्यांचा हिशेब कधी चुकत नाही.

मी त्यांना समजावून सांगितलं. या यंत्राचं एक घर म्हणजे एक माप. त्यात २५५ पर्यंत मावतं. त्याच्या वर एक दाणा पडला की अख्खं माप ओतलं जातं आणि पुन्हा शून्यापासून भरायला लागतं. ३१२ मधून एक माप, २५६, ओतलं गेलं. राहिलं ५६, तेवढंच आपल्याला दिसलं.

आईंचं माहेर शेतीचं. खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला एक न म्हणता 'लाभ' म्हणायचे, तिथल्या त्या. त्यांनी माळ बाजूला ठेवली. "अगं, मग ओतलेली मापं मोजायला कुणीतरी बसव ना. आमच्याकडे दादा बसायचे खडे घेऊन. एक माप, एक खडा."

सहावा प्रयोग अगदी तोच आहे. मी पान उलटलं. बेरजेनंतर कॅरी, म्हणजे माप ओतल्याची खूण, आला का बघायचं, नसेल तर पुढे उडी, असेल तर प्रोसेसरच्या बी रजिस्टरमध्ये एक वाढवायचा. ०६, ००. डी२ आणि उडीचा पत्ता. ०४. शेवटी बी चा आकडा शेजारच्या घरात ठेवायचा. उड्यांचे पत्ते सरकले, ते कागदावर पुन्हा मोजले. पंधराच्या पंचवीस बाइट झाल्या. आई एकेक आकडा जर्नलमधून मोठ्याने वाचत होत्या, भिंगातून, "शून्य चार. पुढे शून्य डी," आणि मी दाबत होते.

सी०७० ला ५६. सी०७१ ला १.

"एक खडा," आई म्हणाल्या.